डोंगरी गावठी वाणांचे बी : निवड आणि जतन

सह्याद्रीच्या डोंगरउतारावरील वरकस जमिनीत नाचणी व वरई आणि त्याखालील खाचरांत भात, ही पिके पिढ्यान्‌पिढ्या घेतली जात आहेत. या प्रत्येक पिकाचे अनेक गावठी वाण तेथील शेतकऱ्यांनी सांभाळलेले आहेत. भातात काळभात, रायभोग, कोळपी, आंबेमोहोर ही नावे अनेकांच्या परिचयाची आहेत. नाचणीचे, म्हणजेच काही भागांत ज्यास नागली म्हणतात त्या धान्याचे, हळवे, निमगरवे व गरवे असे प्रकार प्रत्येक वाडीत वेगळ्या नावाने ओळखले जातात. यांपैकी कित्येक वाण आता एखाद्या गावात, तर कधी एखाद्याच घरी शिल्लक आहेत. असे बी योग्य प्रकारे निवडावे कसे, राखावे कसे आणि पुढच्या हंगामास जिवंत कसे द्यावे, याची माहिती प्रस्तुत लेखात देण्याचे योजिले आहे.

गावठी वाण म्हणजे काय?

एकाच परिसरात दीर्घकाळ पेरले गेल्यामुळे तेथील जमीन, पाऊस, रोग व माणसांची आवड यांना अनुसरून जे वाण घडत गेले, त्यास आपण गावठी वाण म्हणतो. संशोधन केंद्रावर तयार केलेल्या वाणात सर्व झाडे जवळजवळ एकसारखी असतात. गावठी वाणात मात्र थोडे उंच, थोडे ठेंगणे, काही लवकर तर काही दोन-चार दिवस उशिरा पक्व होणारे असे झाड एकत्र नांदत असते. वरवर पाहता हा दोष वाटतो. तथापि ज्या उतारावर मातीचा थर जेमतेम वीतभर आहे आणि पाऊस कधी लवकर उघडतो तर कधी लांबतो, तेथे या विविधतेमुळेच कोणत्याही वर्षी काही ना काही पीक पदरात पडते. म्हणून डोंगराळ भागातील जाणता शेतकरी माथ्यावर हळवे व सखल भागी गरवे वाण पेरतो.

सुधारित वाण आणि गावठी वाण हे परस्परांचे वैरी आहेत, अशी समजूत काही ठिकाणी आढळते. ती बरोबर नाही. मावळात व इतरत्रही लोकप्रिय असलेले ‘इंद्रायणी’ हे भात वडगाव मावळ येथील संशोधन केंद्रातून १९८७ साली प्रसारित झाले. त्याची एक बाजू आय. आर. ८ ची असून दुसरी आंबेमोहोर १५७ ची आहे. जुने सुवासिक भात कोणी राखलेच नसते, तर इंद्रायणीचा वासही आपणांस मिळाला नसता.

पाहण्यातील एक प्रसंग

प्रस्तुत लेखकाच्या नोकरीच्या आरंभीच्या वर्षातील एक गोष्ट येथे सांगणे उपयुक्त होईल. एका डोंगरी वाडीत सुधारित नाचणीचे बी वाटण्यात आले. खालच्या चांगल्या जमिनीत ते उत्तम आले आणि उतारा पाहून सर्वांनी पुढच्या वर्षी माथ्यावरही तेच लावले. त्या वर्षी पाऊस सप्टेंबरातच उघडला. माथ्यावरील पातळ मातीत ओल टिकली नाही, आणि कणसे निसवली तरी दाणा भरला नाही. पूर्वी तेथे एक हळवी नागली होत असे व ती पाऊस उघडण्यापूर्वीच पदरात पडत असे. घरातील आजीबाईंनी विचारले, “साहेब, आमची जुनी नागली कुठं मिळंल का?” तिच्या घरचे राखलेले बी वापराविना पडून आहे म्हणून दळून खाल्ले गेले होते. शेजारच्या तीन वाड्यांत चौकशी केली; सर्वत्र हीच हकीकत होती. ती नागली आजतागायत मिळालेली नाही.

नवे बी दिले यात चूक नव्हती. जुने बी निदान एक गुंठाभर दरवर्षी लावीत जा, एवढे एक वाक्य सांगावयाचे राहिले, ही चूक झाली. आणि ती सांगणाऱ्याची होती, ऐकणाऱ्याची नव्हे. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी नवीन बियाण्याची पिशवी हाती देतानाच हे वाक्य उच्चारण्याची सवय ठेवावी.

एक गुंठ्याचा जतन-वाफा

वाण राखण्यासाठी मोठे क्षेत्र लागत नाही. नाचणीची रोपे लावून पीक घेताना हेक्टरी सुमारे ४ ते ५ किलो बी पुरते. त्या हिशेबाने एक गुंठ्यास ५० ग्रॅम, म्हणजे मूठभर बी पुरे होते. तेवढ्या जागेत सुमारे चार हजार रोपे बसतात व वाण सुस्थितीत ठेवण्यास ही संख्या भरपूर आहे. वाण ज्या जमिनीत नेहमी होतो तशाच जमिनीत वाफा करावा. डोंगरमाथ्याचे हळवे वाण खताच्या खाचरात लावल्यास त्याचे खरे गुण दिसत नाहीत.

राखलेले सर्व बी एकाच वर्षी पेरू नये. निदान तिसरा हिस्सा मागे ठेवावा. अतिवृष्टी, रानडुकरे किंवा करपा यांमुळे एखाद्या वर्षी वाफा गेला, तरी वाण जात नाही.

परागीकरणाचा विचार

नाचणी, वरई व भात या पिकांत फुलाचे परागीकरण बहुतांशी त्याच फुलात होते. त्यामुळे दोन वाण जवळ असले तरी त्यांचा संकर क्वचितच होतो. बियाण्यासाठी नाचणी व भाताच्या दोन वाणांत ३ मीटर अंतर ठेवणे पुरेसे मानले जाते. येथे खरी भेसळ शेतापेक्षा खळ्यावर होते. एका वाणाची मळणी झाल्यावर खळे, सूप, चाळणी व पोती झाडून घेतल्याखेरीज दुसरा वाण खळ्यावर आणू नये.

मक्याची गोष्ट वेगळी आहे. त्याचे पराग वाऱ्याने दूरवर जातात. गावठी मका राखावयाचा असल्यास दुसऱ्या मक्यापासून निदान २०० मीटर अंतर असावे. ते शक्य नसेल, तर दोन्हींचा फुलोरा एकाच वेळी येणार नाही अशा बेताने पेरणी मागे-पुढे करावी, आणि शंभराहून अधिक कणसांतील दाणे एकत्र करून बी धरावे. थोड्याच कणसांवरून बी धरीत गेल्यास काही वर्षांत झाड खुरटत जाते. वाल व घेवडा स्वपरागी असले तरी मधमाश्यांमुळे त्यांत थोडा संकर होतो. म्हणून परड्यात दोन प्रकारचे वेल एकाच मांडवावर चढवू नयेत.

बी उभ्या पिकातून निवडावे

कापणी होऊन ढीग पडल्यावर त्यातून चांगले बी काढणे, ही रीत सर्वत्र दिसते. परंतु ढिगातील कणसाचे झाड कसे होते हे कोणास सांगता येत नाही. ते रोगट होते काय, लोळले होते काय, बांधाकडेला एकटे असल्यामुळेच मोठे झाले होते काय, हे उभ्या पिकातच कळते.

पीक फुलोऱ्यात असताना एकदा व पक्व होताना एकदा, अशी दोन वेळा वाफ्यातून फेरी घालावी. जी झाडे उघडच दुसऱ्या वाणाची आहेत ती उपटून टाकावीत. मात्र वाणातील स्वाभाविक फरक भेसळ समजून काढू नये. कोणते झाड आपले व कोणते परके, हे ठरविण्यास घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांना सोबत न्यावे. बियाण्याची पारख बहुधा त्यांनाच अधिक असते.

त्यानंतर बांधाकडील दोन ओळी सोडून, वाफ्याच्या सर्व भागांतून मिळून निदान शंभर निरोगी झाडे हेरावी व त्यांस सुतळी बांधावी. केवळ सर्वांत मोठी कणसेच निवडू नयेत. तसे केल्यास लवकर येणारी, कोरड सोसणारी साधी झाडे हळूहळू वगळली जातात. नाचणीत मानेवर वा कणसाच्या बोटांवर करप्याचे काळपट डाग असलेले, आणि भातात करपा किंवा आभासमय काजळी असलेले झाड बियाण्यास घेऊ नये. निवडलेली कणसे सर्वांआधी हाताने खुडून, वेगळी वाळवून, काठीने हलकेच झोडपावीत.

वाळवण आणि साठवण

बियाणे हे जिवंत असते व त्याचा मोठा शत्रू ओल होय. बियातील ओल १ टक्क्याने कमी झाली, तर त्याचे साठवणीतील आयुष्य ढोबळ मानाने दुप्पट होते. साठवणीच्या जागेचे तापमान सुमारे ५ अंशांनी उतरल्यासही तसाच लाभ होतो. यासाठी बी चटईवर वा ताडपत्रीवर पातळ पसरून सकाळच्या व उतरत्या उन्हात वाळवावे. भर दुपारी तापलेल्या पत्र्यावर किंवा सिमेंटच्या गच्चीवर टाकल्यास कोंभ मरतो. नाचणीच्या बियात १२ टक्क्यांहून व भाताच्या बियात १३ टक्क्यांहून अधिक ओल असू नये.

ओल मोजण्याचे यंत्र गावात नसते. त्याऐवजी कोरड्या काचेच्या बाटलीत मूठभर बी व चमचाभर पूर्ण कोरडे मीठ घालून चांगले हलवावे. थोड्या वेळाने मीठ बाटलीच्या आतील बाजूस चिकटल्यास बी ओलसर आहे असे समजावे व पुन्हा वाळवावे. मीठ मोकळे राहिले, तरी एक-दोन दिवसांचे ऊन आणखी द्यावे.

वाळलेले बी थंड होऊ द्यावे. मग कोरड्या मडक्यात किंवा घट्ट झाकणाच्या डब्यात चाळलेली कोरडी राख व वाळलेला कडुनिंबाचा पाला यांसह गळ्यापर्यंत भरावे. तोंड माती-शेणाने लिंपून मडके जमिनीस न टेकवता, चुलीच्या धगीपासून दूर, थंड जागी ठेवावे. आत एक चिठ्ठी टाकावी व एक बाहेर बांधावी. एकाच घरी सर्व बी ठेवू नये. दुसरे मडके वाडीतील दुसऱ्या घरी असावे.

पेरणीपूर्वी पंधरा दिवस शंभर दाणे मोजून ओल्या फडक्यात गुंडाळावेत व फडके ओलसर ठेवावे. आठ दिवसांनी नाचणीचे ७५ किंवा अधिक दाणे उगवले, तर बी उत्तम आहे. भाताची परीक्षा १४ दिवसांनी पूर्ण करावी व त्यात ८० दाण्यांची अपेक्षा ठेवावी. उगवण कमी दिसल्यास बी टाकून न देता दाट पेरावे व त्याच वर्षी नवे बी धरावे.

नोंद आणि कायदा

नाव हरवले की वाणाची ओळखही हरवते. कार्यकर्त्यांनी प्रत्येक वाणासाठी पुढील बाबी वहीत लिहाव्यात : स्थानिक नाव, गाव व वाडी, जमिनीचा प्रकार, पेरणीपासून कापणीपर्यंतचे दिवस, कणसाचा आकार व दाण्याचा रंग, धान्याचा विशेष उपयोग, आणि बी कोणाकडून आले.

वनस्पती वाण व शेतकरी हक्क संरक्षण अधिनियम, २००१ अन्वये शेतकऱ्यास आपले बी राखण्याचा, पुन्हा पेरण्याचा, अदलाबदल करण्याचा व विकण्याचाही हक्क आहे. संरक्षित वाणाचे बी मात्र व्यापारी छापाच्या वेष्टनात विकता येत नाही. आपला गावठी वाण शेतकरी स्वतःच्या किंवा गावाच्या नावे नोंदवू शकतो व त्यासाठी त्याच्याकडून शुल्क घेतले जात नाही. जवळच्या कृषि विज्ञान केंद्रात याविषयी मार्गदर्शन मिळते.

नवी दिल्ली येथील राष्ट्रीय जनुक पेढीत चार लाखांहून अधिक नमुने उणे १८ अंश तापमानात ठेवलेले आहेत. ही व्यवस्था अत्यंत मोलाची आहे. परंतु तेथील बी बदलत्या पावसाचा अनुभव घेत नाही. तो अनुभव शेतातल्या बियासच मिळतो. अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले तालुक्यात कोंभाळणे येथील श्रीमती राहीबाई सोमा पोपेरे यांनी गावठी बियाण्यांचा संग्रह उभा केला व २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. त्यांच्या कार्याचा आरंभ परसातूनच झाला, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

या सुगीत प्रत्येक कार्यकर्त्याने आपल्या गावातील एक तरी दुर्मिळ वाण शोधून त्याच्या शंभर झाडांस सुतळी बांधून घ्यावी, आणि त्याचे बी दोन घरी ठेवावे. बियाण्याचे मडके रिकामे होण्यापूर्वीच हे काम झाले पाहिजे.