गणपतीतही आमरस!

रत्नागिरीत पूर्वी हापूस पावसाळ्यापलीकडे टिकवायचा म्हणजे रस उन्हात वाळवून साठं घालायचं, नाहीतर हात भरून येईपर्यंत ढवळत मावा आटवायचा. ताटातला पातळ आमरस मात्र हंगामाबरोबर संपायचा. डबाबंदीने हे बदललं. फ्रान्सच्या निकोला आपेरने १८१० मध्ये प्रसिद्ध केलेली ही रीत आंब्याला फारच मानवली. रस मुळात आंबट, सामू ४.५ च्या खाली असला की बोट्युलिझमचे घातक जंतू वाढत नाहीत, आणि उकळत्या पाण्याची उष्णता पुरते. गरम रस भरायचा, डबा सील करायचा, उकळत्या पाण्यात ठेवून लगेच गार करायचा. डागी, बारक्या ‘कॅनिंगच्या आंब्या’लाही त्यामुळे गिऱ्हाईक मिळालं. फुगलेला डबा मात्र, कितीही जीव तुटला तरी, चव न घेता फेकून द्या!