मोनोफिन झिजतं कुठे?

घनसावंगी तालुक्याच्या दक्षिण अंगाने गोदावरी वाहते आणि जायकवाडीचा डावा कालवा याच भागातून परभणीकडे जातो. इथल्या तीर्थपुरी गावच्या पोरांना पोहायला शिकवायचं तर कोच शोधत बसावं लागत नाही. पाठीला डबा किंवा भोपळा बांधून विहिरीत सोडलं, वर कुणी जाणता उभा राहिला, की काम झालं. यात झिजण्यासारखी वस्तू एकच, भोपळा. आणि तो फुटला तर रडायचं कारण नाही.

मोनोफिनचं तसं नाही. यातलंच एखादं पोरगं शहरातल्या तलावावर जाऊन फिन स्विमिंगला लागलं, तर त्याच्या हाती येणारी ही बहुतेक घरातली सर्वांत महागडी खेळाची वस्तू असते. दोन्ही पाय एकाच रुंद पात्यात अडकवून माशासारखं पोहायची ही युक्ती १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला सोव्हिएत संघात रुजली. १९८१पासून हा खेळ वर्ल्ड गेम्समध्ये आहे. नियमाप्रमाणे पात्याची रुंदी ७६ सेंटिमीटरच्या वर जाऊ शकत नाही. पातं फायबरग्लासचं, पुढे पातळ होत गेलेलं. पायात घालायचा बूट रबराचा.

आता नवख्यांना पटत नाही अशी गोष्ट. पोहताना मोनोफिन फारसं झिजत नाही. ते झिजतं भिंतीपाशी, काठावर आणि वाळत घातल्यावर.

भिंतीचं आधी. कोलांटी मारून वळताना तळवे फरशीला टेकतात, पण पातं तळव्यांच्या पुढे बरंच लांब असतं. ते भिंतीवर चपटं होतं आणि रेटा देऊन सुटताना त्याचं टोक फरशीच्या सांध्यांवरून घासत जातं. पहिल्यांदा कोपरे भुरभुरतात. मग काचेचे धागे उघडे पडतात, त्यांतून पाणी आत शिरतं आणि थर सुटू लागतात. यावर कडेला चिकटपट्टी लावतात. चालतं, पण पट्टी जाड झाली की पाण्याला अडते. खरा उपाय वळण सुधारणं हाच. तळवे सपाट आणि भिंतीच्या मधोमध टेकले, तर टोक निम्मंही घासत नाही, असं माझं मत. उथळ टोकाला तर पात्याचा खालचा फटका थेट तळाला लागतो, म्हणून सराव खोल बाजूला ठेवावा. शिवाय अडीच मीटरच्या लेनमध्ये दोघे समोरासमोर पोहत असतील, तर प्रत्येकाच्या वाट्याला सव्वा मीटर येतं. ७६ सेंटिमीटरचं पातं वजा केलं की दोन्ही अंगांना जेमतेम वीतभर जागा. लेनच्या दोरीवरच्या चकत्या कोपरे खातात त्या इथेच.

काठावर मोनोफिन घालून एक पाऊलही चालायचं नाही. पाण्याच्या कडेला बसूनच घालायचं, तिथेच काढायचं. नेताना पात्याच्या कडेला बसवायला ठिबकची जुनी नळी उभी चिरून घ्या. आपल्या भागात ती कुठल्याही बांधावर सापडेल. पोहण्याआधी मात्र काढून ठेवा.

रबराचा शत्रू वेगळा. क्लोरीन, ऊन आणि तेल. बूट पायात सरकेना म्हणून खोबरेल लावणारे असतात. नैसर्गिक रबर तेलाने फुगतं, सैल पडतं. साबणाचं पाणी लावा आणि नंतर धुऊन टाका. सरावानंतर गोड्या पाण्याने धुणं आलंच, पण बोअरचं पाणी जड असेल तर पांढरा थर बसतो, म्हणून फडक्याने पुसून सावलीत आडवं ठेवा. मराठवाड्याच्या मे महिन्यात पत्र्यावर वाळत घातलेलं रबर लवकर चिरतं. ताणून वा दुमडून ठेवलेल्या रबराला भेगा आधी पडतात, हेही लक्षात असू द्या. बुटाला बारीक चीर गेलीच, तर पंक्चरवाल्याकडचं सोल्युशन कामाला येतं. पात्याच्या भुरभुरत्या कडेला पाणी लावून बारीक पॉलिश पेपर मारावा, तोंडाला फडकं बांधून. वाळल्यावर अराल्डाइटचा पातळ हात. मात्र वाकण्याच्या जागी आडव्या पांढऱ्या रेघा दिसल्या, तर ते पातं थकलेलं आहे. त्याला डागडुजी नाही, दुसरं घ्यावं.

एक सांगणं उरलं. तलाव लांब म्हणून शेततळ्यात मोनोफिन घालून कुणी उतरू नका. पात्याची कड प्लास्टिकचा कागद फाडेल, ते एक वेळ परवडेल. पण त्या निसरड्या उतारावर मोकळ्या पायांनीही वर येता येत नाही. दोन्ही पाय एकत्र जखडलेले असताना तर नाहीच. आणि तलावावरही श्वास रोखून एकट्याने सराव करू नका. काठावर पोहता येणारा माणूस उभा हवाच.