रंग पाण्याला की नळीला?

गेल्या दिवाळीच्या सुट्टीला चार दिवस उरले असताना आमच्या विभागाच्या प्रयोगशाळेतील एक संगणक तापून बंद पडला. यंत्र बंद पडण्यात नवल ते काय, असे वाचक म्हणतील. पण हा संगणक आम्ही चौघा मित्रांनी सुटे भाग जुळवून उभा केलेला होता. नेहमीच्या संगणकात गरम भागावर पंखा बसवलेला असतो, याच्या पोटात मात्र पाणी खेळत होते. पाणी तरी कसले! कुंकू कालवल्यासारखे दाट, तांबडे! स्नेहसंमेलनाच्या वेळच्या प्रदर्शनात लोक त्याच्यासमोर उभे राहून फोटो काढून घेत होते. त्यानंतर आठ महिन्यांनी, अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्यांचे प्रकल्पाचे हिशेब त्यावर रात्रंदिवस चालू असतानाच त्याने मान टाकली. तीन जणांचे आठवड्याचे काम अडकले.

तो तांबडा रंग निवडला होता मी.

सर रागावले नाहीत. "दुरुस्त तूच करायचा आणि का बिघडला ते लिहूनही द्यायचे," एवढेच म्हणाले. तेच लिखाण थोडे सविस्तर करून येथे देत आहे. आपल्या महाविद्यालयात असे संगणक जुळवण्याचा छंद वाढतो आहे आणि प्रत्येकापुढे पहिला प्रश्न हाच येतो: शोभेसाठी रंग हवा असेल तर तो पाण्यात घालावा, की साधेच पाणी ठेवून रंगीत नळी वापरावी?

आधी पाणी कशाला, ते पाहू. संगणकाचा प्रोसेसर म्हणजे पोस्टाच्या मोठ्या तिकिटाएवढी वस्तू. जोराचे काम चालू असताना ती १००, १५०, प्रसंगी २०० वॅटहून अधिक उष्णता बाहेर टाकते. एवढ्याशा जागेतून एवढी उष्णता उचलून न्यायची, तर हवेपेक्षा पाणी बरे. एका घनसेंटिमीटर पाण्याचे तापमान एक अंशाने वाढवायला जितकी उष्णता लागते, ती तितक्याच हवेच्या मानाने सुमारे साडेतीन हजार पट असते. म्हणून प्रोसेसरवर तांब्याचा एक पोकळ ठोकळा बसवतात. याला वॉटर ब्लॉक म्हणतात. पंप त्यातून पाणी फिरवतो, तेथे तापलेले पाणी मोटारीत असतो तशा रेडिएटरमध्ये जाते, पंख्याच्या वाऱ्याने निवते आणि टाकीतून पुन्हा पंपाकडे येते. कल्पना नवी नाही. आय.बी.एम. कंपनीचा १९८० सालचा ३०८१ हा मोठा संगणक पाण्यानेच थंड ठेवला जात असे. १९८५ साली आलेला क्रे-२ हा महासंगणक तर फ्लुओरिनर्ट नावाच्या निष्क्रिय, रंगहीन द्रवात बुडूनच काम करी. त्या इंजिनियरांनी द्रवात रंग घातला नव्हता, हे मला फार उशिरा सुचले.

येथे एक गैरसमज दूर करतो. पुष्कळ जण ठोकळ्याकडे जाणारी नळी निळी आणि तेथून निघणारी तांबडी लावतात. एक थंड, एक गरम. दिसायला हे पाठ्यपुस्तकातील हृदयाच्या आकृतीसारखे छान दिसते. पण हिशेब करून पाहा. प्रोसेसर १५० वॅट उष्णता देत असेल आणि पाणी मिनिटाला ४ लिटर वेगाने फिरत असेल, तर ठोकळा ओलांडताना पाणी तापते ते जेमतेम अर्धा अंश सेल्सिअस! हाताला दोन्ही नळ्या सारख्याच लागतात. म्हणजे रंगाचा थंडगारपणाशी काहीही संबंध नाही. पाण्यात चार थेंब रंग टाकला म्हणून ते जास्त उष्णता वाहत नाही की कमीही वाहत नाही. रंग ही निव्वळ शोभा आहे. प्रश्न एवढाच, की या शोभेची किंमत यंत्राच्या कोणत्या भागाने मोजायची?

आमच्या यंत्रात ती ठोकळ्याने मोजली. त्याच्या आत तांब्याच्या बारीक पट्ट्या कंगव्याच्या दातांसारख्या उभ्या कापलेल्या असतात, म्हणजे पाण्याला टेकायला जास्त पृष्ठभाग मिळतो. दोन दातांमधील फट अर्ध्या मिलिमीटरहूनही अरुंद. मी ठोकळा उघडला तेव्हा या फटींत तांबडा चिखल बसला होता. पाणी वाट मिळेल तिकडून कसेबसे जात होते. प्रोसेसर आधी आपला वेग कमी करून स्वतःला सांभाळत राहिला. आम्हांला वाटत होते, हिशेबच मोठे आहेत म्हणून वेळ लागतो. शेवटी तापमान शंभराच्या आसपास गेले आणि जळू नये म्हणून त्याने स्वतःच यंत्र बंद केले.

असे का झाले, हे मला पुस्तकाआधी आमच्या आज्जाने सांगितले. आज्जा वडगावचे. तेथील मागवाल्यांचे सूत रंगवण्यात त्यांचा जन्म गेला. मी परसात ठोकळा ब्रशाने घासत बसलो होतो आणि मोरी तांबडी झाली होती.

"काय रे, होळी आत्ताच आली काय?" त्यांनी विचारले.

मी सगळी हकीकत सांगितली. ते हसले आणि म्हणाले, "रंग पाण्यात राहत नाही बाळा. पाणी म्हणजे त्याची बस. ठिकाण आलं की उतरणारच की तो! आम्ही सुतावर उतरवायचो, तुझा तांब्यावर उतरला."

यापुढे मी जे वाचले ते या एका वाक्याचाच विस्तार होता. शीतक द्रवातील रंग दोन जातींचे असतात. पहिल्या जातीचा रंग पाण्यात पूर्ण विरघळतो. द्रव रंगीत पण पारदर्शक दिसतो, सरबतासारखा. हा त्यातल्या त्यात सोज्ज्वळ. तो सहसा साचत नाही, पण नळीला, रबरी वायसरांना, प्लॅस्टिकच्या टाकीला डाग देतो. पुढे निळा हवा म्हणून तांबडा काढला, तर कितीही धुतले तरी पहिले चार दिवस जांभळा मिळतो. दुसऱ्या जातीचा रंग विरघळतच नाही. अतिसूक्ष्म कण पाण्यात तरंगत ठेवलेले असतात, म्हणून द्रव दुधासारखा दाट दिसतो. आमचा हाच. पाणी फिरते आहे तोवर कण तरंगतात. यंत्र सुट्टीत बंद राहिले, द्रव जुना झाला किंवा आधीच्या सफाईतील काही रसायन आत राहून गेले, की कण एकमेकांना धरून खाली बसतात आणि जेथे वाट अरुंद तेथे अडकतात. यांतील काही द्रव तर केवळ प्रदर्शनासाठी, रोजच्या वापरासाठी नव्हेत, अशी सूचना देऊनच विकले जातात. आमच्या बाटलीवर काय लिहिले होते, हे मी वाचलेच नव्हते. झाकण उघडण्याची घाई!

आता नळीकडे वळू. रंगीत नळीत रंग प्लॅस्टिकच्या अंगातच मिसळलेला असतो. पाण्याला त्याच्याशी देणेघेणे नाही. अपारदर्शक नळीचा आणखी एक फायदा म्हणजे आत उजेड जात नाही. शेवाळाला उजेड लागतो, हे आपल्याला विहिरीवरून ठाऊकच आहे. पण नळी निर्दोष असते असे समजू नये. मऊ नळी बहुधा पी.व्ही.सी.ची असते. पी.व्ही.सी. मुळात कडक, म्हणून त्यात मऊपणासाठी प्लॅस्टिसायझर नावाची द्रव्ये घालतात. कोमट पाण्याच्या सहवासात ती हळूहळू झिरपून बाहेर येतात आणि ठोकळ्याच्या फटींत पांढरट, चिकट राप बसतो. पारदर्शक नळी धुरकट दिसू लागली की आपण सावध होतो. रंगीत नळी मात्र आपला दोष रंगाखाली झाकून ठेवते. ई.पी.डी.एम. जातीच्या काळ्या रबरी नळीत हा त्रास जवळजवळ नसतो. ॲक्रिलिकच्या कडक नळीतही नसतो, पण ती तापवून वाकवण्याचे कसब हवे.

माझा कन्नड विभागातील मित्र रंगीत पाण्याचा कैवारी आहे. त्याचा एक मुद्दा मला खोडता आलेला नाही. तो म्हणतो, "गळती झाली तर साधं पाणी दिसणार कसं? रंगाचा डाग लगेच दिसतो." हे खरे आहे. शुद्ध पाण्यातून वीज फारशी वाहत नाही, म्हणून गळती झाली तरी भिण्याचे कारण नाही, असे काही जण सांगतात. त्यांवर विसंबू नये. शुद्ध पाणी काही आठवडे धातूंच्या संगतीत फिरले, की त्यात आयन मिसळतात आणि ते वीज वाहू लागते. तेव्हा गळती वेळेवर कळणे ही चैन नव्हे, गरज आहे. आम्ही मार्ग काढला तो असा: नवी जुळणी झाल्यावर संगणकाला वीज न देता फक्त पंप २४ तास चालवला आणि प्रत्येक जोडाखाली पांढरा टिपकागद ठेवला. पाणी रंगीत नसले तरी ओला कागद लपत नाही. एक जोड पाझरत होता. तो सकाळी सापडला.

अखेर आम्ही ठरवले ते असे. पाणी बिनरंगी. ऊर्ध्वपातित पाणी, त्यात गंजरोधक आणि जंतुरोधक द्रव्य, प्रमाण बाटलीवर लिहिले तेवढेच (या वेळी वाचले!). मार्गातील ठोकळा तांब्याचा आणि रेडिएटरही तांब्या-पितळेचाच. ॲल्युमिनियम कोठेही नाही, कारण दोन भिन्न धातू एकाच पाण्यात आले की विद्युतघटासारखी क्रिया होऊन ॲल्युमिनियम झिजते. नळी अपारदर्शक तांबडी, कारण हौस पुरती सोडवेना. टाकी मात्र पारदर्शक, म्हणजे पाणी किती उरले आणि गढूळ झाले का, हे येता-जाता दिसते. नळी पी.व्ही.सी.ची असल्याने वर्षातून एकदा पाणी बदलून ठोकळा उघडून पाहायचा.

ज्यांना केवळ प्रदर्शनापुरता संगणक सजवायचा आहे, त्यांनी खुशाल रंगीत पाणी घालावे. प्रदर्शन संपताच काढून टाकावे आणि मार्ग ऊर्ध्वपातित पाण्याने दोन-तीनदा धुवावा. ज्या यंत्रावर दुसऱ्याचे काम अवलंबून आहे, तेथे रंग नळीलाच द्यावा.

अडकलेल्या तिघांचे हिशेब दुसऱ्या संगणकांवर वाटून कसेबसे पुरे झाले. त्यांतील एकाने मला अजून चहा पाजू दिलेला नाही, यावरून त्याचा राग कळतो. नवी जुळणी डिसेंबरपासून चालू आहे. पेटीच्या आतल्या बाजूला मी पाणी भरल्याची तारीख लिहून चिठ्ठी चिकटवली आहे. पुढच्या डिसेंबरात मी येथे नसेन. पेटी उघडून, ती चिठ्ठी वाचून पाणी बदलायचे काम आता धाकट्या वर्गातील कोणीतरी अंगावर घ्यावे, यासाठीच हा लेख.