टी-शर्टचा रंग आणि बंद पडलेलं तिरुपूर

सप्लाय चेन, सस्टेनेबिलिटी असे शब्द ऐकले की झोप येते ना? मग अंगातल्या टी-शर्टपासून सुरू करू. कॉटन होजिअरीचा असेल तर तो तमिळनाडूतल्या तिरुपूरचा असू शकतो. जगातले मोठमोठे ब्रँड्स तिथून माल घेतात.

कॉटनवर रंग नीट बसावा म्हणून डाइंगच्या पाण्यात भरपूर मीठ घालतात. रंगवून झालं की उरतं खारट, रंगीत पाणी. तिरुपूरच्या युनिट्सनी ते वर्षानुवर्षं नोय्यल नदीत सोडलं. पुढे ओरत्तुपाळयम धरण आहे. बांधलं शेतीसाठी, साठलं त्यात हे पाणी! जमिनी, विहिरी खारावल्या. शेतकरी कोर्टात गेले. 2006 मध्ये मद्रास हायकोर्टाने नदीत घाण सोडायची नाही म्हणून सांगितलं, 2009 मध्ये सुप्रीम कोर्टानेही. तरी चालढकल सुरूच. शेवटी जानेवारी 2011 मध्ये हायकोर्टाने डाइंग युनिट्स बंद करायला लावली. सातशेहून जास्त.

आणि मग कळलं, अख्खं गाव एकाच टप्प्यावर उभं होतं. विणणारे तयार, शिवणारे तयार, पण न रंगवलेलं कापड शिवून पाठवणार कुणाला? कापड दुसऱ्या गावांत, दुसऱ्या राज्यांत रंगवून आणायचं म्हणजे जादा भाडं, वर उशीर. आमच्या सॉफ्टवेअरच्या भाषेत सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर. ट्रीटमेंट प्लांटचे वाचवलेले पैसे असे एकदम वसूल झाले.

पुढे सरकारने 200 कोटींचं बिनव्याजी कर्ज दिलं, प्लांट सुधारले. आता बहुतेक पाणी आरओमधून परत वापरात येतं (घरच्या फिल्टरचाच मोठा भाऊ). उरलेलं खारं पाणी आटवून मीठसुद्धा पुन्हा रंगकामाला घेतात. परदेशी खरेदीदारासमोर तिरुपूरवाले आज हीच गोष्ट अभिमानाने मांडतात.

पण हे फुकट होत नाही. जिथे असा नियम नाही तिथलं रंगकाम स्वस्त पडतं. ब्रँड सर्टिफिकेट मागतो आणि त्याच मीटिंगमध्ये रेटही पाडून मागतो, हे मला खटकतं. शिवाय पाणी आटवायला वाफ लागते, वाफेसाठी इंधन जाळावं लागतं. म्हणजे नदी वाचली, पण कार्बनचं बिल वाढलं. त्या बिलाबद्दल पुढच्या एपिसोडमध्ये बोलू.