विजेची खरेदी आणि विखुरलेले ग्राहक

एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले, तेव्हा लातूरला पाण्याचे मोल कळले असे म्हणण्याचा प्रघात आहे. वस्तुतः पाऊसपाणी उत्तम झालेल्या वर्षीही हे पाणी फुकट येत नाही. धनेगावच्या मांजरा धरणातून ते शहरापर्यंत आणावयाचे तर पंप चालले पाहिजेत. नांदेडची गोष्टही निराळी नाही; गोदावरी दाराशी असली तरी विष्णुपुरीचे पाणी आपणहून टाकीत चढत नाही. पाणीपट्टी वसूल होवो अथवा न होवो, विजेचे देयक चुकत नाही.

दोन्ही महानगरपालिका, जिल्हा परिषदा, शासकीय वैद्यकीय महाविद्यालये, नांदेडचे विद्यापीठ ही सारी जनतेच्याच पैशावर चालतात. वीज घेताना मात्र प्रत्येक जण एकटा. खत-बियाणे खरेदी-विक्री संघामार्फत घेणाऱ्या मुलखात हे घडावे, हे नवलच.

एकत्रित खरेदीने काय साधते, याचा दाखला दूरचा नाही. केंद्राच्या उपक्रमांनी स्थापन केलेल्या ‘ईईएसएल’ने देशभराची मागणी एकवटताच 2014 च्या प्रारंभी 310 रुपयांना घेतलेला एलईडी दिवा 2016 पर्यंत 38 रुपयांवर आला. कृषिपंपांसाठी राज्याने 2023-24 मध्ये सौरविजेची घाऊक निविदा काढली, तेव्हा दर युनिटमागे तीन रुपयांच्या आसपास मिळाले.

महावितरणखेरीज अन्यत्र वीज घेण्यास पूर्वी एक हजार किलोवॉटची अट होती. हरित ऊर्जेपुरती ती 2022 च्या केंद्रीय नियमांनी शंभरावर आणली, आणि 2023 च्या दुरुस्तीने अनेक जोडण्यांची बेरीज करून शंभर भरले तरी चालेल, असे ठरले. मात्र या जोडण्या वीज कंपनीच्या एकाच विभागातील हव्यात. म्हणजे पाणीपुरवठ्याचे मोठे पंप स्वतःच्या बळावर पात्र ठरतील. दोन जिल्ह्यांतील ग्रामपंचायतींच्या दिव्यांची मोट मात्र बांधता येणार नाही. शिवाय सौरवीज दिवसाची. पंप दिवसा चालवून टाक्या भरता येतात, रस्त्यावरचे दिवे दिवसा लावून काय उपयोग! तेव्हा आरंभ पंपांपासूनच व्हावा. वहन आकार आणि अधिभार महावितरणला द्यावेच लागतील; ते वजा जाता उरेल तीच बचत, हेही आधी मांडून पाहिले पाहिजे.

खरी अडचण निराळीच आहे. वीस-पंचवीस वर्षांचा करार करणारा उत्पादक दर सांगण्यापूर्वी ग्राहकाची पत पाहतो. दहा संस्था एकत्र आल्या आणि त्यांतील दोघींनी देयके थकविली, तर त्या धोक्याची किंमत तो दरातच धरणार, आणि ती उरलेल्या आठांच्या माथी बसणार. पाणीपट्टीतून ठरावीक रक्कम प्रथम विजेच्या स्वतंत्र खात्यात जमा होईल, असा ठराव निविदेपूर्वी प्रत्येक सभागृहाने करावयास हवा. नगरसेवकांना तो रुचणार नाही, कारण त्या पैशातून मग गल्लीतील गटार होणार नाही.

तूर्त लातूर आणि नांदेडचे पंप आपापल्या देयकावर चालू आहेत.