सुप्याची होळी व तिचा बोध

मंदीच्या दिवसांत शेतकऱ्याचा असंतोष कसा पेटतो, हें दख्खनच्या इतिहासावरून ध्यानांत येतें. १८६१ ते १८६५ च्या अमेरिकन यादवीमुळें कापसास विलक्षण भाव आला. सावकारांनींही हात सैल सोडला. युद्ध संपलें, भाव कोसळले. परंतु पुढें नव्या आकारणीनें सारा मात्र वाढला. देणें फुगलें आणि हुकूमनाम्यांच्या जोरावर जमिनी सावकाराकडे जाऊं लागल्या.

१२ मे १८७५ रोजीं भीमथडी तालुक्यांतील सुपें येथें, भर बाजारच्या दिवशीं, लोक सावकारांवर चालून गेले. त्यांचा मुख्य रोख पैशावर नसून कागदांवर होता. खतें हातीं येतांच त्यांची होळी केली. पुढें सरकारनें चौकशी केली व १८७९ सालीं शेतकऱ्यांच्या साह्याचा कायदा झाला. खतामागील खरा व्यवहार तपासण्याचा अधिकार न्यायालयांस मिळाला.

भाव उतरला तरी खतावरील आंकडा उतरत नाहीं. म्हणून तेजींतच शिल्लक टाकावी, वाचल्यावांचून आंगठा उठवूं नये. आणि सरकारनेंही वसुलीपूर्वीं बाजारभावाकडे पाहावें.