काकापोचे न फुटलेले अंडे

‘इन्फर्टाइल एग’ला मराठी शब्द शोधताना मी ‘वांझ अंडे’ असे लिहिले आणि थांबलो. वांझ हा शब्द आपण बाईलाच लावतो. दोष आधीच ठरलेला असतो. मी लिहीत होतो न्यूझीलंडमधल्या काकापोविषयी, आणि तिथे तर प्रश्नच हा होता की अंडे फुटले नाही, ते कुणामुळे?

काकापो हा जगातला सर्वांत जड पोपट. नराचे वजन चार किलोपर्यंत भरते. त्याला उडता येत नाही. रात्री पायी हिंडतो. माणसाबरोबर आलेल्या उंदीर, मांजर, स्टोट यांनी त्याची वाताहत केली आणि १९९५ साली एकूण ५१ पक्षी उरले. शिकारी प्राणी हटवलेल्या बेटांवर त्यांना जपल्यामुळे २०२२ पर्यंत ही संख्या अडीचशेवर गेली. पण काकापो दरवर्षी अंडी घालत नाही. रिमू नावाच्या झाडाला दोन-चार वर्षांनी भरघोस फळ येते, तेव्हाच घालतो. अशा एखाद्या हंगामाची वाट पाहायची आणि मग जवळपास निम्मी अंडी फुटायचीच नाहीत, हे तिथल्या संवर्धकांचे दुखणे आहे.

पहिला संशय अर्थातच नरावर. पक्ष्याचा शुक्राणू लांबट असतो: सडपातळ डोके, मधला भाग आणि लांब शेपटी. बिघाड कुठेही होतो. डोके वाकते किंवा फुगते, शेपटी गुंडाळते, क्वचित दोन डोकी दिसतात. प्रिटोरिया विद्यापीठातल्या संशोधकांनी इमूच्या अशा विकृत शुक्राणूंची इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली रीतसर वर्गवारीही केली आहे. शेपटी वाकडी असली तर फरक पडतो, कारण मादीच्या अंडनलिकेत शुक्राणू साठवणाऱ्या बारीक नळ्या असतात आणि तिथवर चांगले पोहणाराच पोहोचतो. शिवाय पक्ष्यांच्या अंड्यात एकाहून अधिक शुक्राणू शिरतात, म्हणून एखादाच धडका असून भागत नाही.

मोजक्या पूर्वजांपासून वाढलेल्या प्राण्यांत विकृती वाढते, याचा दाखला आपल्या शेजारीच आहे. १९८७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात गीरच्या सिंहांचे सुमारे दोन-तृतीयांश शुक्राणू विकृत आढळले. सेरेंगेटीच्या सिंहांत हे प्रमाण सुमारे एक-चतुर्थांश होते. तरीही गुजरातमधल्या सिंहांची संख्या २०२५ च्या गणनेत ८९१ भरली. त्यामुळे नुसता टक्का वाचून हाय खाण्यात अर्थ नाही, असे मला वाटते.

काकापोच्या बाबतीत वीर्याचा नमुना मिळवणे हेच मुळात कठीण. सिरोको नावाचा नर लहानपणी माणसांच्या हातात वाढला आणि माणसांच्या डोक्यावर चढून समागमाचा प्रयत्न करू लागला. तेव्हा खळगे असलेले रबरी शिरस्त्राण तयार केले गेले. ते निकामी ठरले. आता वेलिंग्टनच्या ते पापा संग्रहालयात आहे. मालिश आणि विजेच्या सौम्य उत्तेजनाचा मार्ग पुढे उपयोगी पडला. कृत्रिम रेतनातून पहिली पिल्ले २००९ मध्ये निघाली. २०१९ च्या हंगामात तर वीर्य लवकर पोहोचावे म्हणून ड्रोनही वापरून पाहिला.

मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते मात्र न फुटलेले अंडे उघडून पाहणे. बलकाभोवतीच्या पातळ पडद्यावर रंगद्रव्य टाकले की अडकलेले शुक्राणू सूक्ष्मदर्शकाखाली चमकतात. एकही दिसला नाही तर नर किंवा समागम कमी पडला. शुक्राणू आहेत आणि बलकावरच्या ठिपक्यात पेशी वाढू लागल्याच्या खुणाही आहेत, तर अंडे फळले होते. गर्भ पहिल्या काही तासांत वा दिवसांत मेला. नुसत्या डोळ्यांना दोन्ही अंडी सारखीच दिसतात. पण उपाय निराळे. पहिल्या अंड्यासाठी दुसरा नर किंवा कृत्रिम रेतन. दुसऱ्यासाठी जोडी जुळवताना रक्ताचे नाते तपासायला हवे.

नात्याचा हा हिशेबही सरळ नाही. आजचे बहुतेक काकापो स्ट्यूअर्ट बेटावरच्या पक्ष्यांचे वंशज. मुख्य भूमीवरचा शेवटचा नर, रिचर्ड हेन्री, १९७५ साली फिओर्डलँडमध्ये सापडला आणि २०१० च्या अखेरीस मेला. फ्लॉसी या मादीपासून त्याला तीन पिल्ले झाली. वेगळे रक्त म्हणून त्यांच्याकडे सगळे आशेने पाहतात. पण २०२१ मध्ये जनुकसंचांचा अभ्यास प्रसिद्ध झाला आणि त्यात उलटेच दिसले: सुमारे दहा हजार वर्षे एकाकी राहिलेल्या बेटावरच्या पक्ष्यांत घातक उत्परिवर्तने कमी होती, मुख्य भूमीवरच्यांत जास्त. पिढ्यान्‌पिढ्यांच्या अंतःप्रजननात सर्वांत घातक दोष बहुधा आपोआप गाळले गेले असावेत. मग रिचर्ड हेन्रीच्या वंशाकडून वैविध्य घ्यायचे तर त्याबरोबर दोषही येणार, आणि ते टाळायचे तर त्याच त्या नरांची पिल्ले वाढत राहणार. वीर्याची नळी कोणत्या मादीपर्यंत न्यायची, हे दर हंगामात नव्याने ठरवावे लागते.